दर चार दिवसांनी येणारी ५०२ बॅड गेटवे: रिस्टार्ट करण्याआधी काय बघायचं

सकाळी साडेआठला मामांचा फोन. "अगं, आलंय बघ परत ते पाचशे दोन. गाड्या लागल्यात, सौदे सुरू व्हायचेत. बघ जरा." मी लॅपटॉप उघडायचा, सर्व्हरवर जायचं, ॲप रिस्टार्ट करायचं. दोन मिनिटांत सगळं सुरळीत. मग चार-पाच दिवस शांतता, आणि परत तोच फोन. गेल्या हंगामात दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांपासून थेट फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे हे चालू होतं.

ती एक समस्या नव्हतीच, हे फार उशिरा कळलं. चार वेगवेगळे बिघाड होते आणि चौघांची पाटी (पडद्यावर दिसणारा ५०२ चा संदेश) एकच होती. एक दुरुस्त केला की थोडे दिवस बरे जायचे, दुसरा डोकं वर काढायचा, आणि मला वाटायचं की माझी दुरुस्तीच चुकली. तुमचंही नवीन ॲप असंच मधूनमधून ५०२ देत असेल आणि रिस्टार्टने तात्पुरतं उठत असेल, तर हे तुमच्यासाठी सविस्तर लिहिते आहे. मी बी.कॉम. केलेली, प्रोग्रॅमिंग नंतर शिकलेली. त्यामुळे सर्व्हरची फारशी ओळख नसलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिते.

आधी मांडणी सांगते. कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात मामांचं गुळाचं अडत दुकान आहे. कुठल्या शेतकऱ्याचे किती रवे (गुळाच्या ढेपी) आले, सौद्यात काय भाव लागला, हमाली-तोलाई किती, हे सगळं ॲपमध्ये भरायचं आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची छापील पट्टी द्यायची. भाव बघायला गुजरातचे दोन-तीन खरेदीदारही मोबाईलवरून तेच ॲप उघडतात. ॲप पायथनच्या फ्लास्कमध्ये लिहिलेलं. ते चालवतो गुनिकॉर्न, समोर एन्जिनएक्स, डेटाबेस पोस्टग्रेस, आणि हे सगळं एक कोअर, एक जीबी मेमरीच्या भाड्याच्या उबंटू लिनक्सच्या मशीनवर. मशीन दुकानातच का नाही ठेवलं, असं पुष्कळजण विचारतात. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत काढलाय, पंचगंगेचं पाणी दुकानात शिरताना पाहिलंय, त्यांना याचं उत्तर द्यावं लागत नाही.

एक सूचना: पुढच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीच्या लहान अक्षरांत करायच्या. सर्व्हिस फाइलमधल्या ओळी आणि वेळेसाठीचं एशिया/कोलकाता यांत मात्र मोठी-लहान अक्षरं ठरलेली असतात, ती तशीच ठेवायची. बहुतेकींच्या आधी सुडो (मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालव, असं सांगणारा शब्द) लागेल.

पाटी नेमकं काय सांगते

अडत दुकानात पुढच्या गादीवर दिवाणजी बसलेले असतात. येणारा माणूस त्यांच्याशी बोलतो. हिशेब मात्र आतल्या खोलीत होतो. दिवाणजी आत हाक मारतात, आतून उत्तर आलं की ते बाहेरच्या माणसाला देतात. एन्जिनएक्स हा तो दिवाणजी, आणि गुनिकॉर्न आतल्या खोलीतला हिशेबनीस. ५०२ म्हणजे दिवाणजी सांगतोय, "मी जागेवर आहे, पण आत हाक मारली तर नीट उत्तर आलं नाही."

म्हणजे ५०२ दिसली तर एन्जिनएक्स जिवंत आहे, डोमेन बरोबर आहे, मशीन चालू आहे, इंटरनेट पोचतंय. एवढ्या गोष्टी तिथल्या तिथे सुटल्या. सुरुवातीला मी दर वेळी एन्जिनएक्सच रिस्टार्ट करायचे आणि त्याने काहीच व्हायचं नाही, त्याचं कारण हेच.

जवळचे आकडेही ओळखून ठेवा. ५०० म्हणजे आतल्याने उत्तर दिलं, पण त्याच्याच कामात चूक झाली. तिथे ॲपचा कोड आणि डेटाबेस तपासायचा. ५०४ म्हणजे दिवाणजी वाट बघून थकला. ४१३ आली तर पाठवलेली फाइल मोठी आहे, कारण एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठा मजकूर घेत नाही. आमच्याकडे काट्याच्या पावतीचा फोटो चढवताना ही यायची. सेटिंगमध्ये क्लायंट मॅक्स बॉडी साइझ वाढवली की मिटते.

रिस्टार्टच्या आधीची दोन मिनिटं

फोन आल्यावर हात आपोआप रिस्टार्टकडे जातो. समोर शेतकरी उभा आहे, पट्टी अडली आहे, तेव्हा ते साहजिक आहे. पण रिस्टार्ट केलं की त्या क्षणी मशीनची अवस्था काय होती ते पुसलं जातं. लॉग (प्रोग्रॅम ज्यात आपल्या नोंदी लिहीत जातो ती फाइल) उरतो, पण मेमरी किती भरली होती, पोर्टवर (प्रोग्रॅम जिथे हाका ऐकतो त्या क्रमांकाच्या दारावर) कोण बसलं होतं, कुठली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) अडकली होती, हे परत बघायला मिळत नाही. म्हणून आधी चार गोष्टी बघायच्या आणि एका फाइलमध्ये चिकटवून ठेवायच्या. सवय झाली की दोन मिनिटंही लागत नाहीत.

पहिली, एन्जिनएक्सच्या एरर लॉगच्या शेवटच्या ओळी. फाइल व्हार, त्यात लॉग, त्यात एन्जिनएक्स या फोल्डरात असते. टेल -एन ५० लावून वाचायची. दुसरी, सिस्टमसीटीएल स्टेटस आणि पुढे तुमच्या सर्व्हिसचं नाव, म्हणजे ॲप चालू आहे की पडलंय ते. तिसरी, एसएस -एलटीएनपी, म्हणजे कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय त्याची यादी. चौथी, फ्री -एच आणि डीएफ -एच, म्हणजे मेमरी आणि डिस्क. याशिवाय सर्व्हरवरच बसून कर्ल या कमांडने १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) आणि ॲपचा पोर्ट, आमच्याकडे ८०००, थेट उघडून बघायचं. आतून पान आलं आणि बाहेरून ५०२ असेल तर घोळ एन्जिनएक्सच्या सेटिंगमध्ये आहे. आतूनही नसेल तर ॲपच आडवं पडलं आहे.

यातला एरर लॉग सगळ्यात बोलका. त्यात कंसात एक आकडा असतो, आणि नवशिक्याने आधी तोच वाचायला शिकावं. तो आकडा लिनक्सकडून येतो आणि अर्थ ठरलेला असतो.

१११ म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड. एन्जिनएक्स ज्या पोर्टवर गेला तिथे कुणीच ऐकत नाही. ॲप बंद आहे किंवा दुसऱ्याच पोर्टवर आहे.

२ म्हणजे फाइलच नाही. पोर्टऐवजी सॉकेट फाइल (एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमना जोडणारी फाइल) वापरत असाल तर ती तयार झालेली नाही किंवा मार्ग चुकला आहे.

१३ म्हणजे परवानगी नाही. ॲप चालू आहे, सॉकेटही आहे, पण एन्जिनएक्सला तिथवर जाता येत नाही. उबंटूवर एन्जिनएक्स डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. उबंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर बाकीच्यांना बंद असतं, त्यामुळे सॉकेट होममध्ये ठेवला की हा आकडा हमखास येतो. जुनी मार्गदर्शनं बघून शिकणारे इथे फार अडकतात. सॉकेट रन या फोल्डरात हलवायचा; सगळ्याला ७७७ परवानगी देऊन मोकळं होऊ नका. रेड हॅट किंवा त्या घराण्यातलं लिनक्स असेल तर १३ चं कारण बहुधा एसई-लिनक्स (परवानग्यांवरचा जास्तीचा पहारा) असतं.

आणि एक ओळ अशी असते की तिच्यात आकडाच नसतो: "अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन". म्हणजे आतल्याने हाक ऐकली, काम हातात घेतलं आणि मध्येच तो मेला. १११ आणि ही ओळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात ॲप नव्हतंच. दुसऱ्यात होतं आणि काम करता करता गेलं. पडद्यावर मात्र दोन्हींची पाटी एकच, ५०२.

पहिला बिघाड: लॅपटॉप मिटला की ॲप जायचं

पहिल्या दोन आठवड्यांत लॉगमध्ये सतत १११ होता. मी ॲप हाताने सुरू करत होते: एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड देण्याची सोय) सर्व्हरच्या आत जायचं, गुनिकॉर्नची कमांड द्यायची, चाललं की खिडकी तशीच ठेवायची. अशी सुरू केलेली प्रोसेस त्या खिडकीला बांधलेली असते. जोडणी तुटली की तिला हँगअपचा संदेश जातो आणि सहसा ती बंद पडते.

मला चकवलं ते वेळेने. खिडकी बंद केली की लगेच ॲप गेलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण मी लॅपटॉप नुसता मिटायचे. सर्व्हरला समोरची बाजू गेल्याचं लगेच समजत नाही. तो तासन् तास वाट बघू शकतो. त्यामुळे ॲप कधी रात्री दहाला जायचं, कधी मध्यरात्रीनंतर, आणि उघडकीला यायचं सकाळी सौद्यांच्या वेळी. मामा म्हणायचे, "सकाळचंच का बंद पडतंय?" ते सकाळी पडत नव्हतं, सकाळी दिसत होतं. बिघाड कधी दिसला आणि कधी झाला, या दोन वेळा नेहमी वेगळ्या धरा.

यावर नोहप, स्क्रीन वगैरे उपाय सांगितले जातात, म्हणजे खिडकी गेली तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारे. मी तेही केलं. माझं मत असं की चालत्या धंद्याच्या ॲपला ते लावूच नयेत, कारण ॲप स्वतःच्या चुकीने पडलं तर त्याला परत उभं करणारं कुणी नसतं. उबंटूत प्रोग्रॅम सुरू करायचं आणि सांभाळायचं काम सिस्टमडी करतो; त्याची सर्व्हिस बनवा. फाइल दहा-बारा ओळींची असते. कुठल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायचं, कुठल्या फोल्डरातून, आणि एक्झेकस्टार्टमध्ये गुनिकॉर्नचा पूर्ण मार्ग, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या (ॲपच्या स्वतःच्या पायथन फोल्डराच्या) बिन फोल्डरासकट. अर्धवट मार्ग तिथे चालत नाही. मग रिस्टार्ट=ऑलवेज आणि रिस्टार्टसेक=३.

तो ३ सेकंदांचा आकडा बारीक वाटतो, पण लिहाच. काही न लिहिता ठेवलं तर सिस्टमडी सेकंदाच्या दहाव्या भागात परत सुरू करतो, आणि दहा सेकंदांत पाच वेळा पडलं की हात टेकतो. मग पुढे आपण हात घालेपर्यंत ॲप बंदच. डेटाबेस उठायला थोडा वेळ लागला तरी एवढ्याने खेळ संपतो. ३ सेकंद ठेवले की दहा सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत, त्यामुळे तो प्रयत्न सोडत नाही.

फाइल बदलल्यावर सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड द्यायला विसरू नका. नाहीतर जुनीच फाइल चालू राहते आणि "मी तर बदललं" म्हणत अर्धा दिवस जातो.

दुसरा बिघाड: मशीनच उठून बसलं होतं

हा छोटा आहे. एका रविवारी रात्री भाड्याच्या कंपनीने देखभालीसाठी मशीन बंद करून चालू केलं. सूचनेचा मेल आला होता, मी वाचला नव्हता. सोमवारी सकाळी १११. मी सर्व्हिसला स्टार्ट म्हटलं होतं, इनेबल म्हटलं नव्हतं. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. इनेबल म्हणजे मशीन उठल्यावर दर वेळी आपणहून चालू हो. फाइलच्या शेवटी वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट ही ओळ नसेल तर इनेबल होतच नाही.

असा प्रकार ओळखायला अपटाइम ही एक कमांड पुरते. मशीन सुरू होऊन किती वेळ झाला ते ती सांगते. पाटी आली आणि अपटाइम काही तासांचा असेल तर दुसरीकडे शोधायला जाऊ नका. आणि नवीन मशीनवर ॲप चढवलंत की त्याच दिवशी, गिऱ्हाईक नसताना, मुद्दाम एकदा मशीन रीबूट करून बघा. पाडव्याच्या आधी मी हे केलं असतं तर तो सोमवार वाचला असता.

तिसरा बिघाड: दर चार दिवसांनी, अगदी नेमाने

आता सर्व्हिस होती, इनेबल होती, पडली तर उठत होती. तरी फोन येतच होते. फरक एवढाच की आता मी लॅपटॉप उघडेपर्यंत ॲप परत चालू झालेलं असायचं. मामांना पाटी दिसायची, मला काहीच दिसायचं नाही. खरं सांगते, त्या आठवड्यात मी त्यांना दुकानातलं नेट तपासायला सांगितलं होतं. ते चुकलं माझं.

एरर लॉग मी तेव्हा पहिल्यांदा शांतपणे वाचला. १११ नव्हता. प्रत्येक वेळी "प्रीमॅच्युअरली क्लोज्ड" होतं. म्हणजे काम करता करता कुणीतरी मरत होतं. गुनिकॉर्नच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाला ओळ होती की वर्करला (विनंत्या हाताळणाऱ्या गुनिकॉर्नच्या एका प्रोसेसला) सिगकिल, म्हणजे तिथल्या तिथे मरायचा हुकूम, मिळाला, बहुधा मेमरी संपली. खात्री करायला जर्नलसीटीएल -के लावून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग पाहिला. तिथे स्पष्ट लिहिलेलं: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस.

लिनक्सची मेमरी अगदी संपली की कर्नल कुणालातरी मारून जागा करतो. सहसा जो जास्त मेमरी खातोय त्याचा नंबर लागतो. आमच्या सर्व्हिसमध्ये वर्कर होते ९. हा आकडा कुठून आला? मी जे उदाहरण बघून सेटिंग उतरवलं ते चार कोअरच्या मशीनचं होतं. गुनिकॉर्नच्या माहितीपत्रात सुरुवातीसाठी सूत्र दिलं आहे: कोअरची संख्या गुणिले दोन, अधिक एक. चार कोअरला ९, एका कोअरला ३. मी सूत्र वाचलं नाही, उत्तर उतरवलं.

सुरू होताना आमचा एक वर्कर साधारण ६० एमबी घ्यायचा. पट्ट्या छापून छापून चार दिवसांत तो ९० च्या वर जायचा. नऊ नव्वदे ८१०. वर पोस्टग्रेस, वर उबंटू स्वतः. एक जीबीत बसणार कसं? चार दिवसांचा नेम यातूनच आला होता. भांडं भरायला चार दिवस लागत होते आणि माझा प्रत्येक रिस्टार्ट ते रिकामं करत होता. दर वेळी रिस्टार्टने "बरं" वाटायचं ते यामुळे.

उपाय तीन केले. वर्कर ३ वर आणले. गुनिकॉर्नला मॅक्स-रिक्वेस्ट्स १००० दिलं, म्हणजे हजार विनंत्या झाल्या की वर्कर आपणहून निवृत्त होतो आणि ताजा येतो. सोबत मॅक्स-रिक्वेस्ट्स-जिटर ५० दिलं, नाहीतर तिघेही एकदमच उठून जाण्याचा संभव. आणि २ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) केली. भाड्याच्या लहान मशीनवर बऱ्याचदा स्वॅप नसतेच; फ्री -एचमध्ये स्वॅपच्या ओळीत शून्य दिसलं की समजा. फाइलला परवानगी ६०० द्या आणि एफएसटॅब या फाइलमध्ये तिची ओळ लिहा, नाहीतर पुढच्या रीबूटला ती जाईल. स्वॅप हा मेमरीच्या गळतीवरचा इलाज नाही. अडचणीच्या वेळी ॲप मरण्याऐवजी हळू चालेल, एवढंच त्याने होतं. पण शेतकरी पट्टीसाठी थांबलेला असताना हळू चालणंही चालतं.

लॉगची वेळ आणि आपली वेळ

हे सगळं शोधताना एका गोष्टीने मला दोन दिवस फिरवलं, ती इथेच सांगते. मामा म्हणत, पाटी आठ बेचाळीसला आली. लॉगमध्ये आठ बेचाळीसला काहीच नाही. मला वाटलं लॉगच लिहिला जात नाही. ओळ होती तीन बाराला. भाड्याची मशीनं बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. मी पहाटे तीनचा काहीतरी बॅकअपचा प्रकार असेल म्हणून ती ओळ सोडून देत होते.

टाइमडेटसीटीएलने मशीनची वेळ एशिया/कोलकाता करून घ्या आणि त्यानंतर सर्व्हिसेस एकदा रिस्टार्ट करा, कारण चालू असलेल्या प्रोग्रॅमना बदल लगेच कळतोच असं नाही. मोठ्या, अनेक देशांतल्या सर्व्हरांवर यूटीसीच ठेवतात आणि त्याला कारणं आहेत. पण एका दुकानाचं एक मशीन असेल आणि फोनवर सांगितलेली वेळ लॉगशी जुळवायची असेल, तर आपल्या घड्याळावर ठेवण्यात शहाणपण आहे.

चौथा बिघाड: तीस सेकंद

संक्रांत झाली. आवक वाढली. मेमरी आता ठणठणीत होती, फ्री -एच मी रोज बघत होते. आणि पाटी परत आली. पण या वेळी मामांच्या बोलण्यात एक नवीन गोष्ट होती: "लगेच नाही येत गं. बटण दाबल्यावर गोल गोल फिरत राहतंय, मग येतंय."

मी त्यांना घड्याळ लावून मोजायला सांगितलं. तीस सेकंद. परत केलं, परत तीस.

बिघाड इतक्या अचूक आकड्यावर येत असेल तर ती कुणीतरी घातलेली मुदत असते. मोडलेली वस्तू अशी घड्याळ बघून मोडत नाही. गुनिकॉर्नची मुदत काही न लिहिता ३० सेकंद असते. तेवढ्यात वर्कर मोकळा झाला नाही तर मुख्य प्रोसेस त्याला मारते आणि लॉगमध्ये "वर्कर टाइमआउट" लिहिते. एन्जिनएक्सची वाट बघण्याची मुदत ६० सेकंद. म्हणून ३० ला ५०२ येते. गुनिकॉर्नची मुदत तुम्ही ९० केली आणि एन्जिनएक्सची तशीच ठेवली तर मग ६० ला ५०४ येईल. नवीन माणूस इथे गोंधळतो. त्याला वाटतं की आपण काहीतरी आणखी बिघडवलं. प्रत्यक्षात पहिली मुदत ओलांडून तो दुसरीपाशी पोचलेला असतो.

बटण होतं "आजच्या सगळ्या पट्ट्या". एका पट्टीची पीडीएफ करायला साधारण पाव सेकंद. दिवाळीच्या सुमारास दिवसाला पन्नास पट्ट्या, म्हणजे बारा-तेरा सेकंद. कुणाच्या लक्षातही आलं नाही. संक्रांतीनंतर दीडशे, म्हणजे सदतीस-अडतीस सेकंद. कोड एका अक्षराने बदलला नव्हता, सर्व्हरला कुणी हात लावला नव्हता, आणि तरी चालणारी गोष्ट बंद पडली. फक्त गूळ जास्त आला होता. "काल तर चालत होतं" हे वाक्य मी त्या दिवसापासून पुरावा म्हणून धरत नाही.

त्या सकाळी मी दोन्हीकडची मुदत १२० केली आणि दुकान चालू ठेवलं. पण ते जखमेवर पट्टी बांधणं झालं. पाचशे पट्ट्यांच्या दिवशी तेही फाटलं असतं. शिवाय तीन वर्करांपैकी एक दोन मिनिटं अडकून बसणार, दोघांनी बटण दाबलं तर दोन. गुजरातवाल्यांना भाव बघायला एकच वर्कर उरला. खरा उपाय पुढच्या रविवारी केला: सौदा नोंदवला की त्याची पट्टी तिथल्या तिथे तयार करून ठेवायची. संध्याकाळी बटण दाबलं की तयार पट्ट्या नुसत्या एकत्र करून द्यायच्या. दोन-तीन सेकंदांत काम होतं. मुदती परत ३० आणि ६० वर आणल्या. त्या कमीच राहाव्यात असं मला वाटतं, कारण कुठलं काम जड होत चाललंय ते त्यामुळे लवकर कळतं.

किरकोळ, पण नेहमीचे

एन्जिनएक्सच्या सेटिंगला हात लावला की आधी एन्जिनएक्स -टी चालवा. अर्धविराम राहिला असेल तर ओळ क्रमांकासकट सांगतं. बरोबर म्हटल्यावरच रीलोड करा. रीलोडमध्ये सेटिंग चुकलं असेल तर जुनं चालू राहतं. रिस्टार्टमध्ये चुकलं की साइट पूर्ण बंद.

एन्जिनएक्सच्या प्रॉक्सी पास या ओळीत (आत कुठे हाक मारायची तो पत्ता) लोकलहोस्ट लिहिण्याऐवजी सरळ १२७.०.०.१ लिहा. लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही६ च्या (नव्या पद्धतीच्या) पत्त्यावरही जातो, आणि ॲप तिथे ऐकत नसतं. लॉगमध्ये १११ च्या ओळीत दोन-दोन ठिपक्यांचा पत्ता दिसला तर हेच आहे.

डिस्क भरली तर पोस्टग्रेस लिहायचं थांबतं आणि मग काय काय होईल सांगता येत नाही. डीएफ -एचमध्ये १०० टक्के दिसत असेल तर जर्नलसीटीएलला व्हॅक्युम-साइझ सांगून जुना जर्नल (सिस्टमडीचा लॉग) छाटा. मोठी लॉग फाइल नुसती डिलीट केली तर जागा सुटत नाही, कारण प्रोग्रॅमने ती उघडी धरलेली असते. ती रिकामी करा, किंवा त्या प्रोग्रॅमला लॉग नव्याने उघडायला लावा.

मामांच्या टेबलावरचा कागद

दुकानातल्या कॉम्प्युटरशेजारी मी एक कागद चिकटवला आहे. पाटी आली तर तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता, कुठलं बटण दाबल्यावर, आणि पाटी लगेच आली की थांबून, थांबून असेल तर किती सेकंदांनी. दुकानात कुणालाही लिहिता येईल एवढंच त्यावर आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा फोन आला. "नऊ पाचला आलं. काहीच दाबलं नव्हतं, नुसतं उघडलं. लगेच आलं, थांबलं नाही." मी तेव्हा राजारामपुरीत एका दुकानात होते, लॅपटॉप जवळ नव्हता. पण लगेच आलं म्हणजे मुदत नाही. काही न दाबता आलं म्हणजे जड काम नाही. मग ॲप उभंच नाही, १११. आणि आदल्या रात्री मी डेटाबेसचा पासवर्ड बदलून तो माझ्या बॅशआरसी फाइलमध्ये (मी सर्व्हरवर खिडकी उघडली की वाचली जाते ती) लिहिला होता. हाताने चालवून बघितलं तेव्हा चाललं, म्हणून झोपले. सिस्टमडी ती फाइल वाचतच नाही. त्याला एन्व्हायर्नमेंटफाइल या ओळीत वेगळी फाइल द्यावी लागते. आमचं ॲप सुरू होतानाच डेटाबेसला जोडतं, त्यामुळे जुन्या पासवर्डने ते उठताक्षणी पडत होतं, तीन सेकंदांनी परत उठत होतं, परत पडत होतं.

घरी पोचून स्टेटस बघितलं. तेच होतं. नऊ चाळीसला मामांनी पहिली पट्टी छापली.